लिस्बनला दोघंच जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेच्या अखेरीस आम्ही दोघं नऊ रात्री लिस्बनला राहून आलो. परत आल्यापासून बिल्डिंगमधली मंडळी, ह्यांचे बँकेतले जुने सहकारी, माझ्या भिशीतल्या मैत्रिणी, सगळ्यांचे तेच ते प्रश्न. प्रत्येकीला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून बोलून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढलं. आधीच सांगून ठेवते: हे साठीच्या अलीकडे-पलीकडे, उजवा गुडघा कुरकुरणारा, ताटात मासा दिसला की गुडघा विसरणारे. मी शाकाहारी, अंडं चालतं. उत्तरं त्या हिशोबाने वाचा.

पॅरिस, स्वित्झर्लंड सोडून लिस्बनच का?

पॅरिसला आयफेल टॉवर आहे, तो बघितला की घरी सांगायला काहीतरी होतं. लिस्बनमध्ये असं एकच एक ठिकाण नाही. उतारावरच्या गल्ल्या, टाइल्स लावलेल्या भिंती, वळणावर अचानक दिसणारी तेजू नदी आणि दर शंभर पावलांवर एक कॅफे, असा सगळा मामला. धावत यादी संपवणाऱ्यांचा तिथे विरस होतो. आम्ही रोज सकाळी एक गोष्ट ठरवायचो आणि दुपारनंतर काहीच ठरवायचो नाही.

दुसरं कारण गोवा. त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय.

कधी जावं?

एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टला ऊन आणि गर्दी दोन्ही भरपूर, नोव्हेंबरनंतर पाऊस. जूनमध्ये जाणार असाल तर १२ तारखेची रात्र सोडू नका. १३ जून हा सेंट अँथनीचा दिवस, आणि आदल्या रात्री आल्फामा ही अख्खी जुनी वस्ती रस्त्यावर सार्डिन मासे भाजत असते. हा संत लग्नं जुळवणारा. त्या दिवसांत प्रेमाच्या माणसाला ‘मांझेरिकू’ देतात: बारीक पानांच्या बेझिलची, म्हणजे आपल्या तुळशीच्या कुळातलीच, छोटी कुंडी; त्यात कागदी फूल आणि दोन-चार ओळींची कविता. वास घ्यायचा तर नाक खुपसायचं नाही. पानांवरून हात फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. आमची घरमालकीण हे करून दाखवताना मी आपसूक हात जोडणार होते.

व्हिसाचं काय?

शेंगेन व्हिसा लागतो. फी ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळायला फार त्रास होतो, तेव्हा तिकिटांच्या आधी तारखा बघा. मुंबईहून सरळ विमान नाही, मध्ये दुबई, इस्तंबूल, फ्रँकफर्ट असं कुठेतरी बदलावं लागतं. विमानतळ मात्र शहरातच आहे. मेट्रोची लाल लाइन तिथूनच सुटते, अर्ध्या तासात मुक्कामी. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच.

राहायचं कुठे?

सगळे सांगतात आल्फामात राहा, फार रोमँटिक आहे. आहेच. पण टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी सोडते आणि तिथून पायऱ्यांवरून बॅग तुम्ही ओढायची. आम्ही मेट्रो स्टेशनजवळ सपाट भागात राहिलो आणि आल्फामात रोज फिरायला गेलो. जुन्या इमारतींना बरेचदा लिफ्ट नसते, त्यामुळे बुकिंगच्या आधी ‘कितवा मजला, लिफ्ट आहे का’ एवढं विचाराच. शिवाय शहराचा कर माणशी रात्रीला ४ युरो वेगळा, सात रात्रींपर्यंत.

चढ-उतार झेपतील का? गुडघे दुखतात.

सात टेकड्यांचं शहर म्हणतात. आमच्या पोटऱ्यांनी जास्त मोजल्या. पण तिथले लोक स्वतः सगळे चढ चढत नाहीत, त्यांच्या चोरवाटा ठरलेल्या आहेत.

किल्ल्याकडे जायचं तर बाइशा भागातल्या रुआ दोश फांकेरुश या रस्त्यावर एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. ती वरच्या मादालेना रस्त्यावर सोडते. समोर थोडं चालून गेलं की जुन्या बाजाराच्या इमारतीत एक सुपरमार्केट, तिथली लिफ्ट आणखी वर नेते. ह्यांनी त्या लिफ्टमधून जाताना एका आजींच्या पिशवीतली कोथिंबीर बघून मान डोलावली, आजींनीही डोलावली. बाइशातून शियादूत जायचं तर मेट्रो स्टेशनचे लांबलचक सरकते जिने वापरा.

१९०२ सालची सांता जुस्ताची लोखंडी लिफ्ट दिसायला सुंदर, पण रांग प्रचंड. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरियाच्या फ्युनिक्युलरला, म्हणजे चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीला, भीषण अपघात झाला, १६ माणसं गेली. त्यानंतर अशा जुन्या वाहनांची तपासणी आणि बंद-चालू होत राहिली आहे, म्हणून त्या-त्या वेळी चौकशी करूनच जा.

आणि बूट! फुटपाथ छोट्या छोट्या चुनखडी दगडांचे, काळ्या-पांढऱ्या नक्षीचे. पाऊस पडला की नुसता साबण. कोल्हापुरी घरी ठेवा.

२८ नंबरच्या ट्रामचं खरंच एवढं कौतुक आहे का?

आहे, पण सकाळी आठच्या आत. पिवळी, लाकडी बाकांची, साधारण १९३० च्या दशकातली गाडी. आल्फामाच्या गल्लीत शिरते तेव्हा खिडकीतून हात काढला तर कुणाच्या तरी दाराची कडी वाजवता येईल. मार्तिम मोनिझला दहा वाजता उभे राहिलात तर तासभर रांग. त्याऐवजी दुसऱ्या टोकाला, कांपु द ओरीकला जाऊन बसा. तिथे जागा मिळते. पाकीट पुढच्या खिशात ठेवा. ह्यांच्या मागच्या खिशात कुणाचा तरी हात गेला होता. हाताला लागली ती गुडघ्याच्या गोळ्यांची स्ट्रिप.

बाजारात काय बघायचं? मासळीचा वास मला सहन होत नाही.

मग नदीकाठच्या मेर्कादु दा रिबेरात शिरताना उजवी-डावी नीट बघा. अर्ध्या भागात २०१४ पासून झगमगीत खाऊगल्ली आहे, लांब लाकडी टेबलं आणि चकचकीत स्टॉल. उरलेल्या भागात खरा बाजार: भाजी, फळं, फुलं, मासे. तो सकाळचा असतो, दुपारी दोनपर्यंत आवरतो. पर्यटक पहिल्या भागात जेवून निघून जातात आणि दुसरा बघतच नाहीत.

मी भाजीवालीसमोर उभी राहिले, भाषेचा पत्ता नाही. बोट दाखवलं. ती म्हणाली, ‘बताता’. मी म्हटलं, बटाटा? तिने मान हलवली आणि पुन्हा सांगितलं, बताता. कोबीच्या जातीच्या मोठाल्या हिरव्या पानांवर हात ठेवला तर ‘कोव्ह’. मग मला चेवच आला. अननस? ‘अनानाश’. पपई? ‘पापाया’. काजू? ‘काजू’, जसाच्या तसा! शेजारचा फळवालाही सामील झाला. पावाला ते ‘पांव’ म्हणतात, नाकात. चावी म्हणजे शाव्ह, परात म्हणजे प्रातु. फीत, बिजागरी, लिलाव, नाताळ, पगार, सगळा माल तिथूनच गलबतातून आलेला. पेन्शनर माणूस म्हणून ह्यांना ‘पगार’ विशेष भावला. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ ‘पैसे देणे’. बाई दोन किलो बटाटे वजनात टाकायच्या आत मी भानावर आले आणि पाव किलो चेरी घेतल्या.

मासळीच्या बाजूला मी नाकाला रुमाल लावून दोनच मिनिटं उभी राहिले. हे अर्धा तास. खारवलेला, वाळवलेला कॉड तिथे फळ्यांसारखा रचून ठेवतात, त्याला बाकल्याउ म्हणतात. करायच्या आधी दिवसभर तरी पाण्यात भिजवावा लागतो, पाणी बदलत बदलत. ‘सुक्या बोंबलाचा थोरला भाऊ,’ असा निकाल ह्यांनी दिला.

तिथेही चोर बाजार आहे म्हणे?

आहे, आणि नावही तेच! फेरा दा लाद्रा, लाद्रा म्हणजे चोर बाई. दर मंगळवारी आणि शनिवारी, कांपु द सांता क्लाराच्या उतारावर. चादरी अंथरून त्यावर जुनी पितळी कुलुपं, तबकड्या, बाहुल्यांचे हात, कुणाचे तरी लग्नातले फोटो. घासाघीस चालते, पण आपल्यासारखी निम्म्यापासून सुरू करू नका, लोक दुखावतात.

जुन्या टाइल्स मात्र घेऊ नका. बऱ्याच घरांच्या भिंतींवरून खरवडून चोरलेल्या असतात. नवीन, हाताने रंगवलेल्या दुकानातून घ्या.

बाजाराच्या खालच्या अंगाला पांढऱ्या घुमटाचं सांता एंग्रासिया चर्च दिसतं. सतराव्या शतकात सुरू झालेलं हे बांधकाम पूर्ण झालं १९६६ मध्ये. तिथे न संपणाऱ्या कामाला ‘सांता एंग्रासियाचं काम’ म्हणतात. आमच्या पुलाचं काम नऊ वर्षं चाललंय, त्याला मी तेव्हापासून हेच नाव दिलंय.

कॅफेत गेल्यावर नक्की काय मागायचं?

‘बिका’ म्हणजे छोटी कडक एस्प्रेसो. पेल्यात थोडं दूध टाकलेली हवी तर ‘पिंगादु’. दुधाळ, उंच काचेच्या ग्लासात येते ती ‘गालांव’, आपल्या लोकांना हीच आवडते. चहाला ‘शा’ म्हणतात, पण दूध वेगळं मागावं लागतं आणि तरी तो आपला चहा होत नाही, नाद सोडा. पोट बिघडलं असेल तर ‘कारिओका द लिमांव’ मागा: उकळतं पाणी आणि त्यात लिंबाची साल, बस्स. मला ते फार आवडलं.

‘तोर्रादा’ म्हणजे जाडजूड पावाचा टोस्ट, लोण्याने निथळणारा, लांब पट्ट्या कापलेला. इराण्याकडच्या ब्रुन-मस्क्याची आठवण येऊन ह्यांचे डोळे ओलावले. ‘तोस्ता मिश्ता’ मात्र नको, त्यात हॅम असतं.

काउंटरला उभं राहून प्यायली तर कॉफी साधारण एक-सव्वा युरोत होते, बाहेर छत्रीखाली बसलात की तीच महाग. शियादूतल्या १९०५ सालच्या ‘आ ब्राझिलेरा’च्या दारात कवी फर्नांदु पेसोआचा ब्राँझचा पुतळा टेबलाशी बसलेला आहे, शेजारी ब्राँझचीच रिकामी खुर्ची. सगळे तिथे बसून फोटो काढतात. आम्हीही काढला, पण कॉफी दोन गल्ल्या सोडून प्यायलो. पेसोआ ज्या दुसऱ्या कॅफेत जाऊन बसायचा तो ‘मार्तिन्यु दा आर्कादा’ नदीजवळच्या मोठ्या चौकाच्या कमानींखाली आहे, १७८२ सालचा. तिथे गर्दी कमी आणि वारा जास्त.

दोघांत एकच कॉफी मागवून तासभर बसलं तरी वेटर ‘और कुछ?’ म्हणून डोक्यावर उभा राहत नाही. आमच्या सहलीतला सगळ्यात सुखाचा वेळ हाच. पस्तीस वर्षांच्या संसारात आम्ही इतकं समोरासमोर बसलो नव्हतो; घरी मधे टीव्ही असतो.

ती अंड्याची पेस्ट्री शाकाहारी चालते का?

पश्तेल द नाता. आत अंड्याच्या बलकाचं कस्टर्ड, तेव्हा अंडं चालत असेल तरच. जुन्या मठांमध्ये अंड्यातला पांढरा भाग कपड्यांच्या खळीला वापरायचे आणि बलक उरायचे, त्यातून तिथली निम्मी मिठाई जन्माला आली असं सांगतात. बेलेम भागातलं १८३७ सालचं दुकान सर्वांत प्रसिद्ध. बाहेरची रांग नेण्यासाठीची असते, आत बसायला भरपूर खोल्या आहेत, सरळ आत जा. गरम असतानाच खायची. वर काळे करपलेले डाग हवेतच. डब्यातून दालचिनी भुरभुरायची, मग पिठीसाखर, मग घास. पापुद्रा इतका कुरकुरीत की निम्मा साडीच्या निऱ्यांत जातो. मी चार खाल्ल्या. ह्यांच्या मते सहा, कारण ते मोजत होते.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

हाल नाहीत, पण चौकशी हवी. ‘सेंय कार्न, सेंय पेश’, मांस नको, मासा नको, हे पाठ करा. ‘काल्दु व्हेर्द’ हे हिरव्या पानांचं आणि बटाट्याचं सूप, त्यात वरून सॉसेजची एक चकती सोडतात. आधी सांगितलं तर वगळतात. दुपारी ‘प्रातु दु दिया’, म्हणजे आजची थाळी, दहा-तेरा युरोत मिळते, पण बहुधा मासा नाहीतर मांस. हे खुश, मी ऑम्लेट.

साध्या कॅफेच्या काचेच्या कपाटात तिकोनी सामोसे दिसतील. भास नाही, त्यांना ‘शामुसा’ म्हणतात आणि ते तिथे गोवा-मोझांबिकच्या वाटेने घरचे झालेत. बहुतेकांत खिमा असतो, विचारून घ्या. मेन्यूवर ‘कांजा’ दिसलं तर ती कोंबडीच्या पाण्यातली भाताची पेज. शब्दही आपल्याकडच्या कांजीवरून गेलेला. मार्तिम मोनिझच्या आसपास बांगलादेशी, नेपाळी, भारतीय दुकानं ओळीने आहेत, कढीपत्त्यापासून आट्यापर्यंत सगळं. पाचव्या दिवशी मी तिथून मुगाची डाळ आणली आणि भाड्याच्या घरात खिचडी टाकली. लाज वाटून घेऊ नका.

टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं ते फुकट असतं ना?

नसतं! त्याला ‘कुव्हेर’ म्हणतात आणि खाल्लंत तर बिलात लागतं. आम्ही बाइशातल्या एका हॉटेलात बडीशेपेसारखं समजून सगळं फस्त केलं आणि बिल बघून गप्प बसलो. कायद्याने, न मागितलेलं आणि हात न लावलेलं कुव्हेर बिलात लावता येत नाही. हसून ‘नांव, ओब्रिगादा’ म्हणा, उचलून नेतात. टिपची सक्ती नाही. नळाचं पाणी पिण्याचं आहे.

शहर जुनं म्हणता, मग मधला भाग आखीव कसा?

कारण तो एकदा पूर्ण पडला. १ नोव्हेंबर १७५५, सगळ्या संतांचा सण, सकाळी लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला, मग नदीतून लाट आली, मग पडलेल्या मेणबत्त्यांनी आग. राजाचा मंत्री मार्कीस ऑफ पोंबाल याने बाइशा नव्याने आखला. घरांच्या भिंतींत लाकडाचा पिंजरा घातला, भूकंपात इमारत हलली तरी कोसळू नये म्हणून. नमुन्याभोवती सैनिकांना कवायत करायला लावून तो तपासला असं सांगतात.

काय पडलं ते बघायचं तर कार्मूच्या मठात जा. छप्पर नाही, नुसत्या दगडी कमानी आणि वर आभाळ. कबुतरं इकडून तिकडे जातात. रोसियो चौकाजवळचं सांव दोमिंगुश चर्चही बघा. ते १९५९ मध्ये जळालं, आणि खांबांचे तडकलेले, काळवंडलेले दगड मुद्दाम तसेच ठेवलेत. दारातून बाहेर आलं की चौकातच १८४० सालचं ‘जिंजिन्या’चं दुकान, आंबट चेरीची दारू, अंगठ्याएवढ्या पेल्यात. ‘कों’ म्हटलं की चेरीसकट. मी प्यायले नाही. चेरी खाल्ली.

गोव्याचा संबंध कुठे कुठे दिसतो?

शोधायला गेलात तर पावलोपावली, पण आम्ही तीन जागा मनात धरल्या.

पहिली बेलेम. कैश दु सोद्रेहून लोकलने जेमतेम दहा मिनिटं. वास्को द गामा १४९७ मध्ये इथूनच निघाला, आणि त्याची कबर जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये दारातून शिरल्याबरोबर आहे. चर्चला तिकीट नाही, आतल्या नक्षीदार अंगणाला आहे, सोमवारी बंद. तिथून चालत बेलेमच्या बुरुजाकडे जा. बुरूज डागडुजीसाठी बराच काळ बंद होता, आत जाता येतं का ते बघून ठेवा, पण खरी गंमत बाहेरच आहे. एका कोपऱ्यातल्या टेहळणीच्या घुमटीखाली दगडी गेंड्याचं डोकं आहे, झिजलेलं. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला गेंडा भेट दिला, अल्बुकर्कने तो १५१५ मध्ये गोव्याहून राजा मानुएलकडे धाडला. त्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘गांदा’. आपला गेंडाच तो. हत्तीशी झुंज लावली तर हत्ती पळाला. पुढे पोपला भेट म्हणून पाठवताना जहाज फुटून बिचारा इटलीच्या किनाऱ्यावर बुडाला. ऐकीव वर्णनावरून जर्मनीत ड्यूररने त्याचं चित्र काढलं, ते जगभर गेलं.

दुसरी जागा काझा दुश बिकुश, टोकदार दगडांनी मढवलेलं घर. अल्बुकर्कच्या मुलाने ते १५२३ च्या सुमारास बांधलं. आता तिथे लेखक जुझे सारामागुच्या नावाची संस्था आहे, आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांच्या अस्थी.

तिसरी कार्मूचा चौक. मठाच्या दारासमोर जॅकरांडाची झाडं, मेमध्ये जांभळी फुलं. २५ एप्रिल १९७४ ला इथल्या बराकीत हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान मार्सेलु कायतानु शरण आला, सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोचली. याच राजवटीने १९६१ च्या डिसेंबरपर्यंत गोवा सोडला नव्हता. ती गेल्यावर १९७४ च्या अखेरीस पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. माझे सासरे १९५५ च्या पंधरा ऑगस्टला बांद्याहून पत्रादेवीला सत्याग्रहात गेले होते, शेजारच्या रांगेतला माणूस गोळीबारात पडलेला त्यांनी पाहिला होता. हे त्या चौकात बाकावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मोबाइलवर चौकाचा फोटो काढला, माणसं नसलेला. तो कुणाला पाठवायचा होता ते मी विचारलं नाही.

याच देशात २०१५ ते २०२४ पंतप्रधान होते अंतोनियु कोस्ता, ज्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं. इतिहास असाही वळसे घेतो.

फादो हे तिथलं गाणं कळेल का? भाषा येत नाही.

आमच्या आत्याला अभंगाचे अर्थ कळत नसत, रडायची मात्र वेळेवर. तसंच. दिवे मंद होतात, वेटर ताटं घेऊन जागच्या जागी थांबतात, आणि गाणं चालू असताना बोलणं हा अपराध. बारा तारांची पोर्तुगीज गिटार झिणझिणते आणि गाणारी बाई शाल घेऊन डोळे मिटते. जेवणासकट कार्यक्रम महाग पडतात. आल्फामात छोट्या खानावळींत हौशी मंडळी गातात त्याला ‘फादु व्हादियु’ म्हणतात, तो बघा. रात्री उशिरा रंगतो, दुपारी झोप काढा.

सूर्यास्त कुठून बघायचा?

सेन्योरा दु मोंतच्या टेकडीवरून शहर दिसतं, पण गिटारवाले फार. आम्हाला आवडला तो पलीकडचा किनारा: कैश दु सोद्रेहून फेरीने दहा मिनिटांत कासिल्याश, मग नदीकाठ. समोर अख्खं लिस्बन, डावीकडे लाल पूल. हा पूल १९६६ चा, क्रांतीनंतर त्याला २५ एप्रिलचं नाव दिलं. स्वेटर न्या.

सुरक्षित आहे का?

पाकीटमार सोडले तर हो. बाइशात कुणी कुजबुजत गांजा विकायला येईल. बहुतेकदा त्या पुडीत तमालपत्र असतं. चालत राहा.

राजवाड्यांचं सिंत्रा एका दिवसात होतं का?

रोसियोहून लोकल, चाळीस मिनिटं. एकच राजवाडा करा. दोन करायला गेलात तर भांडाल, आम्ही भांडलो.

जाताना हापूस नेऊ का? भाचीला आवडतो.

नाही. युरोपीय संघात अननस, केळं, नारळ, खजूर, दुरियन सोडून ताजं फळ प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. तूप, पनीर, पेढेही नकोत. लाडू बेसनाचे असले तरी तूप कशाचं ते विचारतील. चकल्या, चटण्या खुशाल न्या.

मे महिना म्हणजे आपल्याकडे पेटी उघडण्याचे दिवस सोडून जायचं, हे ह्यांचं मोठं दुःख होतं. बेलेममध्ये राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर उंच खांबावर आफोन्सु द अल्बुकर्क उभा आहे, ज्याच्या नावावरून हापूस झाला असं मानतात. हे खाली उभे राहून म्हणाले, ‘नाव ह्याचं, आणि ह्याच्या गावात एक फोड मिळेना.’ मग आम्ही शेजारच्या दुकानातून ब्राझीलचा आंबा घेतला, बाकावर बसून कापला, आणि निम्मा कबुतरांना दिला.